पाय आपटून घेतलेला ट्रायपॉड

ताई कोणत्याही वस्तूची पारख पायाने करायच्या. नवं कपाट आलं की सुताराला बाजूला उभं करून त्या कपाटाशेजारी दोनदा पाय आपटायच्या आणि दारं खडखडली की म्हणायच्या, "परत न्या." शेगडी, खुर्ची, माठाची तिवई, सगळ्यांना ही परीक्षा द्यावी लागे. शनिवार पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर त्या कथक शिकवत. खालचा चष्मेवाला एकदा वर येऊन म्हणाला की शोकेसमधल्या फ्रेमा सरकतात. ताईंनी विचारलं, "सगळ्या एकाच बाजूला सरकतात ना? मग तुमची फळी उतरती आहे."

माझा त्यांचा संबंध कामाचा. मी यवतमाळकडून पुण्यात आलो, लग्नांत दिवे धरले, मग कॅमेरा धरला, आणि आज वारज्यात माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. वाटेत कोणी हात दिला नाही, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही. ताईंच्या परदेशी गेलेल्या शिष्यांना धडे पाठवायचे असत, म्हणून महिन्यातून एक दुपार मी त्यांच्याकडे शूटिंगला जायचो. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "अहो शूटिंगवाले" एवढंच. त्यांच्यावर माझी एक तक्रार आहे आणि त्या गेल्या म्हणून ती मी मागे घेणार नाही. इतकी वर्षं मी कॅमेरा लावून समोर उभा राहिलो, पण स्वतःचं एक पाऊल त्यांनी मला टिपू दिलं नाही.

पहिल्याच शूटिंगला आमचं वाजलं. माझ्याकडे तेव्हा एक हलका ट्रायपॉड होता. दुकानदाराला अगदी रडवून घेतलेला, त्यामुळे माझा लाडका. क्लासमधली एक मुलगी नाचली, फळ्या हादरल्या, चित्र हादरलं. ताईंनी ते कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो शूटिंगवाले, माझी मुलगी समेवर थांबली. तुमचा कॅमेरा अजून नाचतोय."

माझं डोकं फिरलं. "ताई, जमीन तुमची हलतेय."

"हलणारच. नाचाचा क्लास आहे, बँक नाही."

पुढच्या आठवड्यात त्या माझ्याबरोबर कॅम्पातल्या दुकानात आल्या. मी नको म्हणत होतो. खरेदीची माझी एक रीत आहे. हवी ती वस्तू आधी बघायचीच नाही, भलतीच मागायची, तिला नावं ठेवायची, दारापर्यंत जायचं आणि मग सहज आठवल्यासारखं वळायचं. ताईंनी दुकानात पाऊल ठेवताच वर पाहिलं. तिथे माल ठेवायचा लाकडी माळा होता. "सगळे तिकडे लावा," त्या म्हणाल्या, "फरशीवर काय, कोणीही उभं राहील."

शेठ बिचारा एकेक ट्रायपॉड घेऊन जिना चढला. ताईंनी प्रत्येकाचे पाय पूर्ण उंचीला काढायला लावले, वर पाण्याचा ग्लास ठेवला आणि चपला काढून शेजारी तत्कार, कथकचं पायांचं काम, सुरू केला. खालचं गिऱ्हाईक मान वर करून बघत राहिलं. एक दिसायला फार देखणा, काळा, बोटावर उचलता येईल असा होता. त्याच्यावरचं पाणी ताई थांबल्या तरी थरथरत होतं.

"मॅडम, हा सगळ्यात महाग आहे," शेठ म्हणाला.

"म्हणून कापतोय का?"

मला त्या म्हणाल्या, "न हलणारं काही नसतं. हलल्यावर किती लवकर शांत होतं ते बघा." पाय तीनचार तुकड्यांचे नकोत, दोनच जाड तुकडे हवेत, हेही त्यांनीच ठरवलं. "जितके सांधे जास्त, तितकी कुरकुर जास्त. माझ्या गुडघ्यांना विचारा." मग वरचा दांडा धरून कॅमेऱ्याची बैठक डावीउजवीकडे फिरवून पाहिली. "मान वळते तशी वळली पाहिजे. ही तर दारासारखी वळतेय. दुसरी दाखवा." शेवटी एक धिप्पाड, तिन्ही पायांना मधून आधार असलेला ट्रायपॉड लावला. पाणी एकदा हललं आणि गप्प झालं.

मी लगेच कामाला लागलो. "काय हे धूड, रंगही उडालाय, कोण घेणार हे," असं सुरू केलं. शेठचा चेहरा पडत चालला होता. माझी पकड बसणार, तोच ताई म्हणाल्या, "अहो, दुकानात याच्याएवढा चांगला दुसरा नाही. हे तुम्हालाही कळलंय आणि यांनाही. उगाच कशाला त्या बिचाऱ्या रंगाला बोलता?" शेठ खो खो हसला. मी त्याने सांगितलेल्या भावात वस्तू घेतली, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

रिक्षात मी ट्रायपॉड मांडीवर आडवा घट्ट धरून बाहेर बघत बसलो.

"रागावलात?"

"नाही."

"मग त्याची मान का आवळताय?"

त्या ट्रायपॉडवर पुढे मुलींचं सगळं शूटिंग झालं. चित्र असं स्थिर, की चाळातलं एकेक घुंगरू वेगळं दिसावं. पण मधेच उठून ताई स्वतः काही दाखवायला लागल्या, की ओढणी माझ्या लेन्सवर. मी चिडायचो. "ताई, उद्या तुम्ही नसलात तर लोकांनी बघायचं काय?"

"तेव्हा या असतील. यांचं नीट घ्या."

"एक तुकडा तरी. बरं, चेहरा नको, नुसते पाय."

"मी काय भाजीच्या गाडीवर मांडलेय? अर्धा पाव पाय द्या म्हणे." मग म्हणाल्या, "अहो, मी डाव्या गुडघ्याला सांभाळून पाऊल टाकते. ते एकदा चित्रात गेलं की या पोरी माझं दुखणंही शिकतील आणि त्याला घराणं म्हणतील."

गुडघे पुढे फारच बिघडले. डॉक्टरांनी नाचायला मनाई केली, क्लास बंद करून ताईंचं नाशिकला भाचीकडे जायचं ठरलं. शेवटच्या दुपारी त्यांचा फोन आला. "ट्रायपॉड घेऊन या. आज मी नाचणार आहे." मला वाटलं, जिंकलो. जाऊन पाहतो तर मुली भिंतीशी ओळीने बसलेल्या. ताई म्हणाल्या, "कॅमेरा यांच्याकडे लावा."

"आणि नाचणार कोण?"

"मी. पण चित्र यांचं. बघताना ह्या कशा दिसतात, ते घ्या."

मी मुलींसमोर वाटेल ते बोललो. ताई शांतपणे कंबरेला ओढणी बांधत राहिल्या. मी कॅमेरा मुलींकडे लावला आणि ताईंकडे पाठ करून, डोळा लावून उभा राहिलो. लग्नांत वीस वर्षं असाच उभा राहिलोय.

"हात काढा," मागून आवाज आला.

"ताई, फ्रेम हलेल."

त्यांनी जोरात पाय आपटला. चित्र हललं, थांबलं. "थांबलं ना? मग आता इकडे वळा. तुमच्यासाठीच घेतला होता तो."

मी वळलो. त्यांनी घूंघटाची गत केली. नुसतं चालायचं आणि पदर उचलायचा. अंगावर कसलाही पदर नव्हता, पण तो किती झिरझिरीत आहे ते मला दिसलं. मी आजवर हजारो नवऱ्या मुली टिपल्या. त्यांतली एक मी बघितली होती का, मला सांगता येणार नाही.

नाशिकला गेल्यावर ताई वर्षभरही जगल्या नाहीत. परवा त्यांची सगळ्यात धाकटी शिष्या, आता आयटीत आहे, स्टुडिओत आली. ताईंचं काही आहे का, म्हणून. मी तिला ती दुपार लावून दाखवली. बारा मुलींचे चेहरे, मागे घुंगरांचा आवाज, बाकी काही नाही. माझं जुनं दुखणं वर आलं. "सांग, आता त्यांचा नाच कोणाला कसा दाखवू? काय केलं होतं त्यांनी, असं?" म्हणत मी उभा राहिलो आणि हाताने पदर उचलायला गेलो.

ती हसू दाबत म्हणाली, "काका, सॉरी, पण हात आधी नाही. आधी नजर." आणि टेबल बाजूला सारून तिने ते केलं. पदर तसाच झिरझिरीत होता. गुडघा मात्र अजिबात दुखत नव्हता.

ट्रायपॉड कोपऱ्यात उभा होता, हाताच्या अंतरावर. मी तो घेतला नाही. ताईंशी भांडायला आता हे आणखी एक झालं.