आधी मामाजींच्या पोटात

झाडपाल्याची औषधं सांगणारी माणसं आपल्याकडे घरोघर सापडतात, पण दुसऱ्याला द्यायच्या आधी ते औषध स्वतः गिळून, त्याचे जे काही भोग असतील ते भोगून, मगच पुडी बांधणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. अड्याळला मामाजींचं लुगड्यांचं लहानसं दुकान आहे. गिऱ्हाईक बाईने पातळाचा रंग सांगायच्या आत तिला जीभ दाखवावी लागे. मग गल्ल्याखालच्या डब्यातून हिरड्याची पूड निघे, आणि पुडीबरोबर एक भाषणही. औषधाचा गुण मामाजी एका वाक्यात उरकत, अवगुणाला मात्र अर्धा तास घेत. "एरंडेल चांगलं हाय, पोट साफ करते. पण घेऊन लग्नाले जाऊ नको बाई. मी गेलतो सानगडीले. अक्षता पडल्या तवा मी मंडपात नव्हतोच." हे ते मोठ्या आवाजात आणि जराही न लाजता सांगत. बाया पदर तोंडाला लावून हसत आणि पातळ घ्यायचं विसरून पुडी घेऊन घरी जात.

माझं लग्न झालं त्याच सुमाराला गोंदिया वेगळा जिल्हा झाला. लोक कचेऱ्यांचं काय होईल, नोकऱ्यांचं काय होईल म्हणून चर्चा करत होते. आमच्या मामाजींचं दुःख निराळंच. "चांगल्या हिरड्याचं जंगल तिकडं गेलं ना बाप्पा!" म्हणून हा माणूस त्या दिवशी नीट जेवला नाही. नवी सून म्हणून मी पाया पडायला गेले तेव्हा मला खोकला होता. मामाजींनी आशीर्वाद दिला आणि लगेच अंगणातला अडुळसा तोडून आणला, पण मला नाही दिला! आधी आपण प्यायले. त्यांना मळमळलं, म्हणून मात्रा कमी करून पुन्हा प्यायले. त्यांच्या पोटाचा निकाल लागून वाटी माझ्यासमोर येईतो माझा खोकला कंटाळून निघून गेला होता.

बिब्ब्याचं तर विचारूच नका. कोणा म्हाताऱ्याच्या टाचेच्या भेगांसाठी मामाजींनी बिब्बा तापवून आधी स्वतःच्या टाचेला लावला, आणि तोच हात विसरून तोंडावरून फिरवला. चेहरा भोपळ्यासारखा सुजला, डोळे दिसेनात. दुसरा कोणी असता तर घरात लपून बसला असता. हे गृहस्थ दुकान उघडून दारातच बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवू लागले, "पाहून घ्या, बिब्ब्याचा हात तोंडाले लागला तं असं होते." पुढे कोरोनाच्या दिवसांत सारं गाव हंडाभर गुळवेलीचा काढा पिऊ लागलं, तेव्हाही "कडू हाय म्हणून कितीबी प्याचं का रे? काविळीवानी डोळे पिवळे होतीन!" असं ओरडत फिरणारे तेवढे मामाजीच होते. थोडक्यात, माणूस चक्रम, पण बेजबाबदार नव्हता. निदान आम्हाला तसंच वाटत होतं.

मामीजींचा आवाज फार गोड. गावात हळद लागायची असो की बारसं, त्यांच्या गाण्यावाचून काही उरकत नसे. दोन-अडीच वर्षांपूर्वी तो आवाज बसला. मामाजींनी रिवाजाप्रमाणे ज्येष्ठमधाचा काढा आधी स्वतः महिनाभर घेतला. त्यांचा घसा असा मोकळा झाला की ते चक्क गुणगुणायला लागले, तेव्हा कुठे मामीजींच्या चहात ज्येष्ठमध पडू लागलं. आवाज खरंच सुधारला. पण प्रेमाला मात्रा कळत नाही. सकाळ-संध्याकाळ, पावसाळा-हिवाळा, ते चालूच राहिलं. मामीजींचे पाय सुजू लागले, डोकं जड होऊ लागलं. वय झालं असेल म्हणून त्या बोलल्या नाहीत, आणि मामाजींनी विचारलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या पोटाची काही तक्रार नव्हती!

आम्ही दिवाळीला गेलो असताना मामीजी चुलीपाशी भिंत धरून मटकन खाली बसल्या. तसंच त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "उशीर केला असता तर लकवा मारला असता. या काय काय घेतात?" मामाजींनी उत्साहाने सगळं सांगितलं.

"ज्येष्ठमध आजपासून बंद. रोज इतकं घेतलं की बीपी चढतं, सूज येते."

"पण मले तं काईच झालं नाई!"

"पोट तुमचं आहे काका," डॉक्टर म्हणाले, "पाय त्यांचे आहेत."

परतीच्या वाटेवर मामाजींनी एकाही झाडाकडे पाहिलं नाही. एरवी हा माणूस गाडीतून दर झाडाचा स्वभाव सांगतो. अड्याळ जवळ आलं तेव्हा एवढंच पुटपुटले, "मीच टाकत होतो चहात. माह्या हातानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात धाड्दिशी आवाज आला. आम्ही धावलो. मामाजी तुळशीपाशी आडवे! डॉक्टरांनी मामीजींना दिलेली बीपीची गोळी त्यांनी आधी स्वतः घेतली होती. हसावं की रडावं कळेना. मी पाणी शिंपडलं, पाय उशीवर ठेवले, नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला आणि मामाजींच्या वाट्याच्या शिव्या स्वतः खाल्ल्या. मामीजी मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता माही गोळी तुमी खाल, तं मी खाणारच नाई. घरात चक्कर येणारं एक माणूस पुरे हाय!"

आणि खरंच नाही घेतली. दुपार झाली, गोळी तशीच. चेहरा लालबुंद, डोकं दुखत होतं, पण ओठ मिटलेले. आम्ही हातापाया पडलो. शेवटी मामाजी त्यांच्यासमोर भुईवर बसले. तळहातावर गोळी. "काहून असं करून राहिली व? अनोळखी चीज तुह्या पोटात कशी घालू मी? ज्येष्ठमध तं ओळखीचं होतं, त्यानं असं केलं. याचं मले काई माहीत नाई."

"गोळी अनोळखी हाय ना," मामीजी म्हणाल्या, "मी तं ओळखीची हाय? मग मले इचारत जा ना, कसं वाटते तं."

मामाजींनी गोळी त्यांच्या हातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि लगेच विचारलं, "कसं वाटून राहिलं?"

"गिळू तं द्या!"

मी आत पळाले, कारण मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते.

आता मामीजींचं बीपी ताब्यात आहे, पायांची सूज गेली. ज्येष्ठमध सुटलं तसा आवाज मात्र पुन्हा बसला, तो बसलाच. मामाजींनी त्यावर दुसरं काही शोधलं नाही. परवा आम्ही गेलो तर तिन्हीसांजेला दोघं अंगणात बसले होते. "म्हण ना एखादं," मामाजी म्हणाले. मामीजींनी फाटक्या आवाजात हळदीचं जुनं गाणं सुरू केलं. वरचा सूर लागत नव्हता, तिथे त्या नुसत्या थांबत आणि पुढची ओळ धरत. मामाजींनी एकदा वाकून विचारलं, "तरास तं नाई ना होऊन राहिला तुले?" गाणं न थांबवता त्यांनी नुसती मान हलवली.