फोकस चुकला नव्हता

माझ्या लेकीचा चेहरा मी पुसायला लावला आणि दोष सत्तर वर्षं माझ्या दिराने सोसला.

तो दीर काल गेला. आकुर्डीला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, दुपारचं जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात मोबाईलवर लिहिते. कुठे अडखळलं तर समजा, ती रडते आहे. माझं केव्हाच आटलं.

तर, दत्तू भावजी.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चाकणच्या पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ कसला, एक पडदा, एक खुर्ची आणि तीन पायांवर उभा लाकडी कॅमेरा.

गिऱ्हाइकाला टोपीपासून वहाणांपर्यंत सगळं स्वच्छ दिसायला हवं असायचं. वहाणा नव्या घेतलेल्या असायच्या ना.

भावजींना भलतंच वेड. फोटोत एकच गोष्ट लख्ख, बाकी सगळं धूसर.

"वहिनी, भिंगाचं तोंड पार उघडायचं आन् अगदी जवळ जायचं. मग जिथं नेम धराल तेवढंच दिसतं. मागचं सगळं लोण्यावानी वितळतं."

"मग निम्मं गिऱ्हाईकबी वितळंल की."

वितळलंच.

एका लग्नात त्यांनी नवरीच्या नथीवर फोकस धरला. नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा. शेजारचा नवरा मात्र नुसता धूर.

नवऱ्याचा बाप फोटो घेऊन घरी आला. "ह्यात माझा पोरगा कंचा?"

भावजी शांतपणे म्हणाले, "नथीच्या उजव्या अंगाला बघा."

असा माणूस.

त्यांना एक फोटो पुण्याच्या प्रदर्शनात पाठवायचा होता. त्यासाठी माझे हात हवे होते, लसणाच्या वेण्या घालताना.

मी म्हटलं, "तोंड धड न्हाई म्हणून हात व्हय?"

बिचारे कानापर्यंत लाल झाले.

ठकू तेव्हा दोन वर्षांची. माझी लेक. तिच्याआधीचं पोर पाळण्यातच गेलेलं, म्हणून हिला मी पदराआड ठेवायची.

आमच्याकडे तेव्हा समज होता. लहान मुलाचं तोंड फोटोत आलं की दृष्ट लागते, आयुष्य कमी होतं.

पण मी वेण्या घालायला बसले त्या ओट्यावरून ती हलेना. उचललं की भोकाड.

भावजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला मागं. नेम तुमच्या बोटांवर हाय. ती धूसर यील."

"तोंड दिसणार न्हाई ना?"

"नाक कुठं, डोळा कुठं, कळायचं न्हाई. पण वहिनी, म्हणाल तर एक फोटो तिचा एकटीचा काढतो. लख्ख."

"नको. पुसूनच टाका तिला."

नात विचारते, हे असंच लिहू? असंच लिही.

त्या दिवशी मी माझ्या अकलेवर खूश होते. फोटोही झाला आणि दृष्टीलाही फसवलं.

त्याच उन्हाळ्यात गावात गोवर आला. चौथ्या दिवशी ठकू गेली.

मग तो फोटो बाहेर निघाला.

त्यात माझ्या नखातली माती दिसते. लसणाच्या सालीवरच्या जांभळ्या रेषा, म्हणजे फोटोत काळ्या, त्याही दिसतात. मागे एक पांढुरका डाग आहे.

तो डाग म्हणजे माझी ठकू.

सासूबाईंनी फोटो भावजींच्या अंगावर टाकला. "पोरीचा एवढा एक फोटो, आन् तोबी बिघडवलास?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मी पदर तोंडाला लावून उभी होते.

"चुकलं, आई," ते म्हणाले. "फोकस चुकला."

फोटो प्रदर्शनाला गेला नाही. पुढे स्टुडिओही बंद झाला.

नंतर ते पिंपरीच्या एका कंपनीत कामगारांच्या ओळखपत्राचे फोटो काढत राहिले. मागे पांढरी भिंत, दोन्ही कान दिसले पाहिजेत. रिटायर होईपर्यंत तेच.

चार पाहुणे जमले की कुणीतरी म्हणायचंच, "काकांना फोटो काढायला सांगू नका, फोकस चुकतो."

सगळे हसायचे. भावजीही हसायचे.

मी वाढत राहायची. आमटी घ्या, भात घ्या. एक वाक्य बोलायचं होतं, ते सत्तर वर्षांत जमलं नाही.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. त्यांच्या नातवाने मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोड दाखवला. एक बटण दाबलं की मागचं सगळं धूसर.

मी म्हटलं, "ह्याच्या उलटं बटण हाय का?" आणि पिशवीतून फोटो काढून दिला.

पोराने बराच वेळ खटपट केली. मग म्हणाला, "आजी, जे कॅमेऱ्याने घेतलंच नाही, ते मी कुठून आणू?"

तो आत गेल्यावर मी भावजींच्या जवळ सरकले.

"भावजी, ठकू दिसायला कशी होती हो? मला आता आठवत न्हाई. डोळे मिटले की तो डागच येतो. तुमी तर कॅमेऱ्याच्या त्या काळ्या कापडाखालनं किती वेळ बघत होता."



"वहिनी, मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. माझी सगळी नजर तुमच्या बोटांवर."

"आन् माझी लसणावर," मी म्हटलं.



घरातल्यांनो, हे नीट वाचा, आणि ज्यांना माझ्यासारखं वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. भावजींनी काहीही बिघडवलं नाही. मी सांगितलं, त्यांनी केलं, आणि माझी अब्रू झाकायला स्वतःच्या हुन्नरावर डाग घेतला. हे ते जिवंत असताना मी बोलायला हवं होतं.

भावजी, तिथे ठकू असलीच तर तुम्हाला ती ओळखू येणार नाही. मागून मी येईन, मलाही येणार नाही. पोर आपल्या दोघांच्या समोरून निघून जाईल आणि आपण तिला कुणाची तरी पोर समजून बाजूला होऊ.

जा आता. माझा रामराम घ्या.