ठरावाचा रिकामा रकाना

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही. खून, दरोडे, दंगली पाहिलेल्या माणसाने एका मागे घेतलेल्या अर्जाचं एवढं काय घेऊन बसावं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं. नावं कुणाचीच घेणार नाही. ज्यांची आहेत ती माणसं स्वतःला ओळखतील.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यात, येलदरीच्या बाजूच्या एका ठाण्याला निरीक्षक होतो. बुधवार होता. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात चार बाया ठाण्यात आल्या. पुढची पन्नाशीची, उभी राहण्याची ढब अशी की खुर्ची दिली नाही तर आपणच घेईल. ती एका मच्छीमार सहकारी संस्थेची अध्यक्ष होती. गावाजवळच्या तलावात मासे धरण्याचा ठेका वर्षानुवर्षं या संस्थेकडे होता, आणि चाळीसेक घरांची चूल त्यावर चालत होती.

“साहेब, आमची सही चोरीला गेली,” ती म्हणाली.

ठाणे अंमलदाराला हसू आलं. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं तसं त्याने रजिस्टरात डोकं घातलं.

“सही कशी चोरीला जाईल, बाई? कोऱ्या कागदावर कुणाला करून दिली होती का?”

“कागदच न्हाई आता, समदं ऑनलाइन हाय. ठेक्याचा अर्ज आमी टाकला व्हता. कुनीतरी आमच्याच सहीनं तो मागं घेतला. आमाला पत्ता न्हाई. मुदत सरल्यावर कळलं. आता सोमवारी तलाव दुसऱ्याला द्यायलेत.”

ती आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आली होती. तिथल्या कारकुनाने तिला सांगितलं होतं की सही संस्थेचीच आहे, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. ते ऐकून माझं डोकं तापलं. कॉम्प्युटर खोटं बोलत नसेल, पण त्याच्यापुढे कोण बसलंय हे त्याला कुठे दिसतं? मी फिर्याद नोंदवून घेतली आणि त्या कार्यालयाच्या प्रमुखांना फोन लावला. माणूस सरळ होता. ते म्हणाले, “नुसत्या फिर्यादीवर निर्णय थांबवता येणार नाही. सोमवारी दुपारपर्यंत लेखी पुरावा आणा, थांबवतो.”

हाताशी पाच दिवस होते. सायबर शाखेला पत्र पाठवलं, तर तिकडून उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतील असं कळलं. म्हणजे यंत्राकडून काही मिळणार नव्हतं. जे मिळवायचं ते माणसांकडूनच मिळवायचं होतं, आणि ते मी मिळवणार असं मी त्या बाईला सांगून बसलो होतो.

“संस्थेची सही असते कुठे?” मी तिला विचारलं.

“शिक्का लोखंडी पेटीत हाय. दोन कुलपं हायेत. येक किल्ली माझ्याकडं, येक मुनशीकडं. दोगं असल्याबिगर पेटी उघडत न्हाई.” हे तिने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

“आणि ऑनलाइनची?”

“ते बोटाएवढं डोंगल व्हय? ते तालुक्याला सेवा केंद्रात अडकवलेलं हाय. खिळ्याला.”

ज्या रबरी शिक्क्याला आता कुणी विचारत नव्हतं त्याला दोन कुलपं, आणि जे संगणकाला लावून पिन टाकला की संस्थेची सही होते ते डोंगल खिळ्याला. मी बाईला काही बोललो नाही. आपल्याकडे बहुतेकांनी हेच केलं आहे.

माझी पहिली चूक मात्र मी केलीच. तलाव ज्याला मिळणार होता त्या माणसावर माझा संशय गेला. फायदा कुणाचा ते बघ, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्याला ठाण्यात बोलावून दोन तास फैलावर घेतलं. त्याला डोंगल कशाशी खातात हेही माहीत नव्हतं. त्याचा अर्ज त्याच्या मेहुण्याने भरला होता, आणि समोरच्याचा अर्ज गेल्याचं त्याला माझ्याच तोंडून कळलं. त्याला चहा पाजून परत पाठवलं. गुरुवार असा गेला.

शुक्रवारी सकाळी दोन पंच घेऊन सेवा केंद्रात गेलो. दुकान एका खोलीचं, आणि भिंतीला लागूनच पिठाची गिरणी. केंद्रचालक तिशीचा, कामाला चपळ, बोलायला गोड. भिंतीवर ओळीने खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक डोंगल. पतसंस्था, पाणीवापर संस्था, शाळा, ग्रामपंचायती, सगळ्यांच्या सह्या तिथे लटकत होत्या. प्रत्येकावर डॉक्टरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पिन लिहिलेला. त्याचा मोबाइल पाहिला. अर्ज मागे घेतल्याचा संदेश त्यावर आला होता, कारण संस्थेचा नोंदवलेला नंबरही त्याचाच होता. वेळ दुपारी पावणेदोनची. संदेश न उघडता तसाच पडलेला.

“दिवसाला दोनशे मेसेज येतात, साहेब. कोन्ता कोन्ता वाचू?”

“त्या दुपारी हे डोंगल कुणी काढलं?”

“कुनीच न्हाई. अर्ज टाकला त्याला चार महिने झाले, तवापासून हात लावला न्हाई त्याला.”

मी खिळ्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं. गिरणीचं पीठ सगळीकडे बसलेलं, बोट पांढरं झालं. रोज लागणारी दोन-तीन डोंगलं स्वच्छ होती, बाकी सगळ्यांवर पिठाचा थर. मच्छीमार संस्थेचं डोंगल मात्र पुसल्यासारखं होतं. पंचांना ते दाखवलं, पंचनाम्यात तसं लिहून घेतलं आणि मग दुकानाचं दार लोटून मी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलो.

खोटं बोलणारा माणूस दोन कारणांनी खोटं बोलतो. एक तर गुन्हा त्याने केलेला असतो, नाहीतर त्याची लाज झाकायची असते. याच्या तोंडावर लाज होती. मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, “त्या दिवशी जेवायला किती वाजता गेलास?”

तो बराच वेळ नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, “बाजाराचा दिवस व्हता. गर्दी हटली तसं दीडला गेलो. मशीन चालूच व्हती. मुनशी आले व्हते, त्यायला म्हनलं बसा जरा, दुकान बगा. पर ते तसले न्हाईत, साहेब. देवमानूस हाय.”

मुनशी म्हणजे संस्थेचे सचिव. पेटीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती तेच. पंचवीस वर्षं संस्थेचं सगळं लिखाण त्यांनी केलेलं, म्हणून गाव त्यांना मुनशी म्हणायचं. दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. साधं घर, दाराशी तुळस, कपाटात रांगेने रजिस्टरं. त्यांनी मला पाणी दिलं. पण ते माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

मी आरोप केला नाही. “पूर्वी संस्थेचे अर्ज कसे जायचे ते मला समजून घ्यायचंय,” एवढं म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. कापडात बांधलेलं जावक रजिस्टर काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद: क्रमांक, तारीख, विषय, आणि शेवटी ठराव क्रमांक, म्हणजे सभेत ज्या ठरावाने तो कागद मंजूर झाला त्याचा. अक्षर असं की छापल्यासारखं वाटावं. कारभार ऑनलाइन होऊन दोन वर्षं झाली होती, तरी नोंदी चालूच होत्या. कुणी मागत नव्हतं, कुणी वाचत नव्हतं, आणि हे लिहीत होते.

बोलता बोलता मी त्या तारखेचं पान उलटलं. नोंद होती. ‘ठेका अर्ज मागे घेतला, ऑनलाइन.’ जावक क्रमांक टाकलेला. ठराव क्रमांकाचा रकाना रिकामा.

मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. ते खाली बसले.

“नोंद केल्याबिगर संस्थेचा कागद मी कदी भाईर जाऊ दिला न्हाई,” ते म्हणाले. “हात ऐकत न्हाई, साहेब.”

“आणि ठराव?”

“ठराव झालाच नव्हता. खोटा नंबर कसा टाकू?”

इतकी वर्षं गुन्हेगार हाताळले, पण स्वतःच्या गुन्ह्याला जावक क्रमांक देणारा आणि त्यात खोटं लिहायला कचरणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही आली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. “दोन साल झाले, सभेचा वृत्तांत बी कुनी लिव म्हनलं न्हाई. केंद्रातलं पोरगं दोन मिनटात करतंय म्हनले. मला दाखवायचं व्हतं का ते पोरगं येक मेसेज बी वाचत न्हाई. अर्ज मागं घेतला म्हंजे कारकून बोलावतो, का मागं घेता म्हनून इचारतो. मी दोनदा मागं घेऊन परत लावलेला हाय पहिले. औंदाबी मीच जाऊन लावला असता. समद्याला कळलं असतं मुनशी काय कामाचा हाय ते.”

“मग?”

“कुनी इचारलंच न्हाई. मुदत सरली. मग तोंड उघडायची हिंमत झाली न्हाई.”

पूर्वीच्या कचेरीत मागे घेतलेला कागद कारकुनाच्या टेबलावर दोन दिवस पडून राहायचा. विनवणी करून उचलता यायचा. मुनशींचा सगळा हिशेब त्या टेबलावर होता, आणि ते टेबलच आता राहिलं नव्हतं.

मी त्यांना सरळ सांगितलं. “मुनशी, तुम्ही आत्ता गप्प बसलात, तर तुमच्याविरुद्ध पुरावा जमवायला मला महिने लागतील. कदाचित जमणारही नाही. पण सोमवारी तलाव जाईल. लिहून दिलंत तर तलाव वाचेल आणि तुम्ही आरोपी व्हाल. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तेव्हा माझ्यासाठी काही लिहू नका. त्या कार्यालयासाठी लिहा, शपथेवर. वकिलाला विचारायचं असेल तर विचारा.”

रजिस्टर मी पंचांना बोलावून त्यांच्यासमक्ष जप्त केलं आणि निघालो. त्यांच्यावर दडपण आणता आलं असतं, ते आणायचं नाही असं मी ठरवलं होतं. शनिवार-रविवार मला जेवण गोड लागलं नाही, हेही कबूल करतो.

सोमवारी सकाळी संस्थेच्या खोलीत मला बोलावणं आलं. मुनशी पेटीजवळ उभे होते. प्रतिज्ञापत्रावर शिक्का हवा, म्हणून त्यांनी बाईला बोलावलं होतं, आणि कशासाठी हवा हेही त्यांनीच तिला सांगितलं होतं. बाई त्यांच्याकडे नुसती बघत होती.

“मंजी आठ दिस झाले ह्या बाया रडायल्या, त्या तुमच्यापायी?” ती म्हणाली.

मुनशींनी मान हलवली.

 मग कमरेची किल्ली काढून तिने आपलं कुलूप उघडलं. “लिवा. नीट लिवा. येक बी अक्षर चुकू देऊ नका.”

शिक्का घेऊन आम्ही तहसीलला गेलो. तिथे टंकलेखक बसलेला असताना मुनशींनी दोन्ही पानं हाताने लिहिली, शपथेवर सही केली, शिक्का मारला. आम्ही जीप हाणत परभणी गाठली. बाराला दहा कमी होते. कार्यालयप्रमुखांनी फिर्यादीची प्रत बघितली, प्रतिज्ञापत्र वाचलं, आणि जप्त रजिस्टराच्या त्या पानावर बोट ठेवलं. “ठरावच नाही, तर अर्ज संस्थेने मागे घेतला असं म्हणता येणार नाही,” ते म्हणाले. निर्णय थांबला. पुढे रीतसर सुनावणी होऊन तलाव संस्थेकडेच राहिला. मुनशींवर दुसऱ्याची डिजिटल सही वापरल्याचा गुन्हा लागला. जामीनपात्र होता, त्याच संध्याकाळी ते घरी गेले.

महिन्याभराने बाई ठाण्यात आली. या वेळी खुर्ची मीच पुढे केली.

“साहेब, ही केस मागं घेता येती का?”

“गुन्हा नोंदला की तो माझा राहत नाही, बाई. कोर्टापुढं तडजोडीचा अर्ज करता येईल. मान्य करणं न्यायाधीशांच्या हातात.”

“त्यो बी ऑनलाइनच का?”

“नाही. तिथं तुम्हाला स्वतः उभं राहून सांगावं लागेल.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली. ती गेली, उभी राहिली, तिने सांगितलं. कोर्टाने ते मान्य केलं.

ऑनलाइन कारभार वाईट, असं मी म्हणणार नाही. पूर्वी एका दाखल्यासाठी माणसं दहा खेटे घालायची, ते मी पाहिलंय. पण नवीन सोय येते तेव्हा आम्ही पासवर्ड कुणाकडे, पिन कुणाकडे, एवढंच विचारतो. हे काम आधी कोण करत होतं आणि तो माणूस आता कुठे बसलाय, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. ठाण्याचं दप्तर संगणकावर गेलं तेव्हा आमच्या जुन्या मोहरीर, म्हणजे लेखनिक हवालदाराला, ज्याच्या हाताखाली तीन निरीक्षक फिर्याद लिहायला शिकले, मी फाटकावर पहाऱ्याला उभं केलं होतं. काम हलकं झालं त्याचं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

त्या दिवशी बाई ठाण्यातून गेली आणि मी त्या हवालदाराला आत बोलावलं. तो टोपी नीट करत आला, सलाम ठोकून उभा राहिला.

“साहेब, माझं काही चुकलं का?”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. “उद्यापासून संगणकावर चढणारी प्रत्येक फिर्याद आधी तुम्ही वाचायची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पोरांनी बटण दाबायचं नाही.”



“घरून चष्मा घेऊन येतो, साहेब,” तो म्हणाला. “फाटकावर लागत नव्हता, म्हणून आणत नव्हतो.”