गच्चीवरचा बेडूक

बेडकाचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की मैत्रिणी भेटल्या की आधी तेच मागतात. औषधशास्त्र शिकून परदेशातून बडोद्याला परतले तेव्हा वाटलं होतं, लोकांना फार तर काढे-चूर्णांबद्दल समजवावं लागेल. इथे तर आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या बेडकाच्या कातडीवरचा चीक लावून घेणारं मंडळ भरत होतं. चालक, खालच्या मजल्यावरचे नीलेशभाई. सर्वांत उत्साही सभासद, माझी आत्या.

रीत अशी: भरपूर पाणी प्यायचं, दंडावर बारीक चटका घ्यायचा, त्यावर चीक लावायचा आणि बादलीत भडाभडा ओकायचं. म्हणे शरीरातलं विष निघतं.

मी सांगितलं, "आत्या, शरीर त्या बेडकाचंच विष बाहेर फेकायला धडपडतं."

"म्हणजे निघतं ना?"

*

शेजारच्या सरलाबेन पक्क्या शाकाहारी. बेडूक चालेल का, हा त्यांचा प्रश्न.

आत्या म्हणाली, "मारत नाहीत हो, नुसता चीक काढतात. दुधासारखंच."

पुढच्या रविवारी सरलाबेन स्वतःची बादली घेऊन हजर.

*

उपाशीपोटी यायचा नियम. सोसायटीतले शिर्केकाका मात्र सेव-उसळ खाऊन आले. बादली बघून सगळ्यांना कळलंच.

"अहो काका, काही खायचं नाही म्हटलं होतं ना?" नीलेशभाईंनी विचारलं.

"खाल्लं कुठे? पाव घेतलाच नाही."

*

चिकानं चेहरा सुजतो. काकांच्या फोननं त्यांना ओळखलंच नाही, उघडेना. काका खूश.

"बघ, नवा माणूस झालो. फोनसुद्धा सांगतोय."

*

इथवर मीही हसत होते. मग शनिवारी आत्यानं जाहीर केलं, "उद्यापासून बीपीची गोळी बंद. बेडूक आहे की."

मी तळमळून बोलले: लॅबमध्ये त्या चिकावर काम होतंय, पण त्यानं माणसाचं बीपी बरं होतं याला पुरावा नाही, गोळी सोडलीस तर जिवावर बेतेल. आत्या म्हणाली, "तू पुस्तकातलं सांगतेस. नीलेशभाईंनाच विचारू."

संध्याकाळी नीलेशभाई चहाला आले. बिस्किटाआधी त्यांनी खिशातून एक गोळी काढून तोंडात टाकली.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"बीपीची, बेन."

"मग तुम्ही बेडूक नाही लावत?"

"ना बेन," नीलेशभाई शांतपणे म्हणाले, "बीपीवाल्याला ते नाही लावायचं."

आत्यानं कप खाली ठेवला.

रविवारी सकाळी मी ठरवलं: बीपीचं मशीन घेऊन गच्चीच्या दारातच बसायचं, बीपीवाल्याला तिथूनच परत पाठवायचं, आणि पहिला पट्टा नीलेशभाईंच्या दंडाला, सगळ्यांसमोर.