धर्माजी मिस्त्रींची जीभ

"चुना आन जावई, दोघांनाबी सावलीत ठेवायचं. उन्हात टाकला की फुटलाच."

पेठचे धर्माजी मिस्त्री हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणत. नवा गवंडी कामाला आला की त्याला, ओल्या भिंतीवरचं गोणपाट कुणी सरकवलं की त्याला, आणि जवळ कुणीच नसलं तर भिंतीला. त्यांना स्वतःला जावई नव्हता. तीन मुलगेच, आणि तिघेही सिमेंटच्या कामावर. कुणी तसं बोलून दाखवलं की मिस्त्री म्हणत, "म्हणूनच चुन्याला जावयाचा मान देतो."

चुन्याचं काम त्यांना बापाकडून आलेलं. कळीचा चुना भिजवायचा, बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, हिरड्या-गुळाचं आंबवलेलं पाणी घालायचं आणि मग त्याला थापीखाली घ्यायचं. हे शिकता शिकता त्यांना मिसरूड फुटलं, आणि शिकून झालं तोवर गावोगाव सिमेंट येऊन बसलं. पुढची चाळीस वर्षं मिस्त्रींनी गोठ्याचे कोबे केले, पाण्याच्या टाक्या बांधल्या, लग्नसराईत घरांना सफेदी दिली. शिकलेलं सगळं आत तसंच पडून होतं, उतरंडीतल्या तळाच्या मडक्यातल्या बियाण्यासारखं.

ते बाहेर काढलं माईंच्या मठानं.

घोडेगावहून डोंगराच्या अंगानं जुन्नरकडं जाताना सालदरं नावाचं गाव लागतं. गावाच्या माथ्यावर काळ्या दगडाची एक लांबलचक इमारत आहे, मध्ये चौक आणि चौकाच्या एका बाजूला प्रार्थनेचं उंच दालन. आज्या-पणज्याच्या काळात परदेशातून चार जोगिणी आल्या आणि त्यांनी ती बांधली. त्यांना सिस्टर म्हणायचं हे गावाच्या जिभेला जमलं नाही. गाव त्यांना माई म्हणू लागलं, आणि माई राहतात तो मठ. माई डोळ्यांत औषध घालत, अडलेल्या बायका सोडवत, पोरींना शिवण शिकवत. संध्याकाळी त्यांचं गाणं खालच्या भातखाचरांपर्यंत ऐकू येई. बहात्तरच्या दुष्काळाआधी शेवटची माई पुण्याला गेली आणि दाराला कुलूप लागलं. मग पंचवीस वर्षं तिथं वटवाघळं आणि शेळ्या.

अठ्ठ्याण्णव साली एका संस्थेनं मठ ताब्यात घेतला. पडझड नीट करायची आणि तिथं पंचक्रोशीचं कलाघर करायचं ठरलं. भजन, लेझीम, भारूड, गोधड्या, मातीकाम, चित्रं, सगळ्याला छप्पर. स्थानिक समितीचे अध्यक्ष बाळासाहेब, मंचरच्या बाजारातले कांदा-बटाट्याचे आडतदार. त्यांनी उत्साहानं पंचायतीच्या फळ्यावर लिहवून घेतलं, 'ऐतिहासिक कॉन्व्हेंट पुन्हा सुरू होणार'. सोमवारी सकाळी मठापुढं चाळीसेक बाया हजर. पोरांच्या डोक्याला तेल चोपडलेलं, हातात जन्माचे दाखले.

"अहो, हे शाळेचं कॉन्व्हेंट नव्हं," बाळासाहेब घाम पुसत सांगत होते. "इथं मोठी माणसं गाणार, नाचणार."

"नाचायला कानव्हेंट कशाला लागतंय?" एक जण म्हणाली. "नारायणगावचा तमाशा काय लांब हाय व्हय?"

त्या आठवड्यात फळा पुसला आणि 'माईंचा मठ कलाघर' असं नाव पडलं.

दुरुस्तीचं काम पुण्याच्या नूतनताईंकडं होतं. जुन्या इमारती सावरण्यात त्यांची हयात चालली होती. जुना गिलावा चुन्याचा आहे, त्यावर सिमेंट चढवलं तर भिंत आतून कुजेल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण चुना मळणारा माणूस कुठून आणायचा? विचारत विचारत त्या पेठला आल्या. मिस्त्री एका गोठ्यात कोबा करत होते. ताईंनी पिशवीतून गिलाव्याचा खपला काढून पुढं केला. मिस्त्रींनी तो उलटसुलट पाहिला, फुंकर मारली, आणि जिभेला लावला.

"हिरडा," ते म्हणाले. "गूळ. आन वरच्या हाताला बेलाचा गर घातलाय. ज्यानं केलंय तो गडी घाईत नव्हता."

ताईंनी त्याच दुपारी त्यांना गाडीत घातलं.

पुढची दोन वर्षं मिस्त्रींच्या आयुष्यातली मोठी वर्षं. मठाच्या चौकात घाणी बसली. सहा तरुण गवंडी त्यांच्या हाताखाली आले. पश्चिमेच्या डोंगरातल्या वाडीवरून बायडाबाई आली. चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भात, नाचणी आणि हिरडा. व्यापारी कोवळा बाळहिरडा मागतात, मिस्त्रींना हवा होता झाडावर पुरता पोसलेला. तो तिनं आणला, आणि पाण्याचे रांजणही तिच्याकडंच आले.

ते पाणी हेच सगळ्या कामाचं गुपित. हिरडा कुटून गुळासकट रांजणात भिजत घालायचा. आधी पाणी तुरट लागतं, मग गोडाकडं झुकतं, मग त्याला आंबटपणा धरतो. तो आंबटपणा नेमका कुठवर आला की पाणी काढायचं, हे कागदावर लिहिता येत नाही. कच्चं काढलं तर गिलावा वरून गोमटा दिसतो आणि दोन महिन्यांत त्याचं पीठ होतं. मिस्त्री रांजणात बोट बुडवत, जिभेवर टेकवत, डोळे मिटत. सगळा चौक थांबे. मग ते म्हणत, "काढा." त्या एका शब्दासाठी पोरं त्यांचं ऐकत, ताई त्यांना खुर्ची देत.

दोन हजार सालच्या पावसाळ्यात मिस्त्रींना ताप आला. दहा दिवसांनी उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. आधी त्यांना वाटलं, तापाचं तोंड आहे, येईल ठिकाणावर. चुना लावलेल्या तंबाखूनं चाळीस वर्षं जीभ भाजत आली होती, ती आता पुरती विझली असावी. दिवाळीत शंकरपाळी आणि भाकरी त्यांना सारखीच लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरी सरूबाईच्या आमटीला ते नावं ठेवायचे थांबले. चाळीस वर्षांनी नवऱ्याला आपला स्वयंपाक आवडू लागला, म्हणून ती माउली शेजारीपाजारी सांगत सुटली.

मार्गशीर्षात एका सकाळी बायडाबाईनं चहा केला आणि गूळ टाकायला विसरली. पोरांनी घोट घेतला आणि थुंकला.

"आगं बये, हा च्या हाय का काढा?"

मिस्त्रींनी मात्र पेला संपवला, मिशी पुसली. "ब्येस झालाय. गोड."

पोरं खो खो हसली. मिस्त्रींचा टोमणा म्हणजे टोमणाच, असं त्यांना वाटलं. बायडाबाई हसली नाही. तिनं मिस्त्रींकडं एकदा पाहिलं, आणि मिस्त्रींनी खाली पाहिलं. एवढंच झालं.

त्यानंतर आठ दिवसांनी प्रार्थनेच्या दालनाच्या दक्षिण भिंतीचं पाणी काढायचं होतं. थंडी कडाक्याची, रांजणावर हात ठेवला तर दगडासारखा गार. मिस्त्रींनी बोट बुडवलं, जिभेला लावलं. काहीच नाही. नुसतं ओलं.

"बाबा," बायडाबाई हळूच म्हणाली, "थंडी लई हाय. अजून चार दिस जाऊ द्यावं."

मागं पोरं उभी होती. मिस्त्रींनी डोळे उघडले. "मला शिकवती का? झालंय. काढा."

भिंत झाली. काचेसारखी गुळगुळीत, गोट्यानं घोटलेली. ताईंनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला.

माघ संपता संपता भिंतीनं अंग सोडायला सुरुवात केली. आधी खाली पांढरी पूड पडलेली दिसली, मग बोट लावलं तरी गिलावा पिठासारखा गळू लागला. पाडव्याला उद्‌घाटन ठरलेलं, पत्रिका छापून झालेल्या. पुण्याहून एक जाणकार आले, त्यांनी खरवडून पाहिलं आणि सांगितलं, पाणी कच्चं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दालनातच समिती बसली. वेदीच्या पायरीवर बाळासाहेब, खिडकीत ताई, भिंतीशी गवंडी. मिस्त्रींसाठी खुर्ची ठेवली होती. बायडाबाई दाराशी उभी.

"पाणी कुणाकडं व्हतं?" बाळासाहेबांनी विचारलं.

"माज्याकडं," बायडाबाई म्हणाली. "पाणी म्या भरलं."

"बघा ताई, मी पहिल्यापास्नं सांगत व्हतो. डोंगरातली बाई, तिला दिवस मोजता येतात का? मिस्त्रींच्या चाळीस वर्षांच्या कामाला बट्टा लावला हिनं. हिला आजच्या आज घरी धाडा. आन त्या वाड्यांवरचं दुसरं माणूसबी नको आता. भिंतीला शिमीट मारून टाकू, पाडवा गाठायचाय."

"सिमेंट नाही लावता येणार," ताई म्हणाल्या. पण बायडाबाईबद्दल त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांनाही दुसरं कारण दिसत नव्हतं; मिस्त्रींची जीभ चुकेल, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं.

मिस्त्री बायडाबाईकडं बघत होते. ती आता सांगेल, आत्ता सांगेल, असं त्यांना वाटत होतं. 'चार दिस थांबा म्हनले व्हते,' एवढं तरी ती म्हणेल. ती म्हणाली नाही. पदर खोचून ती चपला शोधू लागली. वाडीवर तिच्यामागं आणखी पाच बाया या कामाच्या आशेवर होत्या, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. गप्प बसलं तर नाव राहतं, हेही ठाऊक होतं. सगळं त्यांच्या बाजूनं होतं, खुर्चीसुद्धा.

"बायडे, थांब," ते म्हणाले आणि उठले.

"मिस्त्री, तुमी बसा वं," बाळासाहेब म्हणाले. "तुमाला कोण बोलतंय?"

"कुणी बोलत न्हाई, म्हणूनच उठलो. बाळासाहेब, तुमच्या खिशात तपकीर असती ना? द्या जरा."

बाळासाहेबांनी गोंधळून डबी दिली. मिस्त्रींनी तपकिरीची चांगली चिमूट जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं. पोरांची तोंडं वाकडी झाली. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"तपकीर हाय का साखर, मला कळत न्हाई," ते म्हणाले. "पावसाळ्यापास्नं जीभ मेलीया. ही म्हनली व्हती चार दिस थांबा. म्या हिच्यावर डाफरलो आन कच्चं पाणी काढाय लावलं. भिंत म्या खाल्ली, हिनं न्हाई."

दालन उंच होतं, शब्द वर जाऊन परत खाली आले. बाळासाहेबांनी डबी परत घेतली; ठेवताना त्यांचा खिसा दोनदा चुकला.

"आधी का नाही सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"काय सांगू, ताई? तुमी मला जिभेसाठी आणलं व्हतं."

ताई खिडकीतून खाली उतरल्या. बाळासाहेब म्हणाले, "बरं, मग आता चव कोण सांगणार?"

"ती उभी हाय की दारात. लहानपणापास्नं हिरडा चघळत आलीया. तिचं ऐकलं असतं तर आज हितं पूड झाडायला लागली नसती."

पुढचे तीन दिवस मिस्त्रींनी दक्षिण भिंतीचा गिलावा स्वतःच्या हातानं उतरवला. पोरांना हात लावू दिला नाही. पांढऱ्या धुरळ्यात ते ओळखू येत नव्हते. रांजण नव्यानं भरले. हिरडा किती कुटायचा, गूळ कधी टाकायचा, घाणीला किती फेरे, हे त्यांनी बायडाबाईला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं. तिला ते येत होतं, तरी तिनं ऐकून घेतलं.

बाराव्या दिवशी सकाळी सगळे चौकात जमले. बाळासाहेब जीप चालू ठेवूनच आले होते, कारण त्या दिवशी पाणी निघालं तर पाडवा कसाबसा साधणार होता. रांजणाचं झाकण निघालं. सवयीनं सगळ्यांच्या माना मिस्त्रींकडं वळल्या. मिस्त्री घाणीच्या दगडावर बसले होते, ते बायडाबाईकडं बघत राहिले.

तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं. डोळे वगैरे मिटले नाहीत. ओठ जरा हलवले, नाचणीची आंबील चाखावी तसे.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून न्हाई झालं."

"अगं बाई, पत्रिका वाटल्यात!" बाळासाहेब ओरडले.

"वाटल्या आसतील. पाण्याला न्हाई मिळाली."

पोरं हसली, ताईसुद्धा हसल्या. बाळासाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं, मग जिपेकडं जाऊन ती बंद केली. कुणी मिस्त्रींना विचारलं नाही, बाई म्हणते ते खरं का. सगळे आपापल्या कामाला लागले. ओट्यावर गोधड्यांच्या बाया चिंध्या सोडवू लागल्या, आतल्या खोलीत कुणीतरी ढोलकी कसत होतं.

मिस्त्रींनी थापी, रंधा, ओळंबा पिशवीत भरला. पिशवी खांद्याला लावली.

"बाबा, आत्ताच? भाकरी तरी खाऊन जावा," बायडाबाई म्हणाली. "आन भिंत व्हईस्तवर राहा की. तुमच्याबिगर थापी कोण बघल?"

"पोरं बघत्याली. म्या हितं बसलो तर ती माज्याच तोंडाकडं बघत्याली, तुज्याकडं न्हाई."

"मंग पुन्ना यायचं कधी?"

"गाडीची येळ झाली, बायडे."

ते फाटकातून बाहेर पडले आणि उताराला लागले. खाली फाट्यावर मंचरची एसटी थांबते. चाल नेहमीचीच, सावकाश, पाय नीट टेकत. पाठीला चुन्याचे पांढरे डाग होते. ताई खिडकीतून बघत होत्या, त्यांना कुणीतरी हाक मारली तशा त्या आत गेल्या. गवंड्यांपैकी एकानं हात वर केला, पण मिस्त्रींनी मागं पाहिलं नाही, म्हणून त्यानं तो खाली घेतला. बायडाबाई मात्र रांजणाचं झाकण हातात धरून उभी होती. करवंदीच्या जाळीपाशी रस्ता वळतो, तिथं ते एकदा दिसले, मग पुन्हा पिशवीचं टोक दिसलं, आणि मग नुसता रस्ता. तरीही ती थोडा वेळ तिकडंच बघत राहिली.