आत्याचं पोकलेन

माझी आत्या खोदकामाची ठेकेदार. लोक सोनं निरखतात तशी ती मशिनं निरखते. स्वतःच्याच घरामागे पाण्याची टाकी बांधायची ठरली, तेव्हा जेसीबी बोलवावा की पोकलेन, या विचारानं आठवडाभर तिची झोप उडाली.

"जेसीबी बोलव. पटकन खोदेल, आला तसा निघून जाईल," आतोबा वैतागून म्हणाले.

"पण पोकलेनचा हात केवढा लांब पोचतो, अहो!" म्हणत तिनं पोकलेनच आणलं आणि चालवायलाही स्वतःच बसली.

हात लांब, म्हणून बाई जागची हललीच नाही. मधोमध मशीन उभं करून, गाणं म्हणत, गरागरा फिरत तिनं चारी बाजूंनी खणलं. थांबली तेव्हा भोवती हा एवढा खंदक, आणि मशीन मधल्या उंचवट्यावर अडकलेलं!

आतोबांनी कपाळावर हात मारला. "आता उतरणार कशी?"

"एका बाजूनं माती भरावी लागेल. जेसीबी बोलवा!" केबिनमधून टाळ्या पिटत आत्या ओरडली. "उगाच आठवडाभर डोकेफोड केली हो मी. दोन्ही लागणारच होते!"