टेबलाखाली बघणारा माणूस

"स्क्रीन नका बघू. पाय बघा."

कुणी गेम खेळायला बसलं की आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे गर्दी करायचो. आमचा प्रोग्रॅमर दादा मात्र वाकून टेबलाखाली बघायचा. तुम्हीही कधी एखाद्याला गेम खेळताना नीट बघा. पडद्यावरचं पात्र उडी मारतं तेव्हा खेळणाऱ्याच्या टाचा नकळत जमिनीवरून सुटतात. सुटल्या तर उडी जमली, असं दादाचं म्हणणं. नाही सुटल्या, तर तो आपल्या जागेवर जायचा आणि उडी पुन्हा दुरुस्त करायला घ्यायचा.

दोन हजार दहा-बाराच्या सुमाराची गोष्ट. नवीन पनवेलला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं गेम बनवायचं छोटं ऑफिस होतं. माझी पहिलीच नोकरी. दिवसभर गेम खेळायचा आणि सापडलेल्या चुका कळवायच्या. रोडपालीहून हेडफोन लावून यायची, हेडफोन लावून परत जायची. इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे मराठी घरापुरतं, आणि बोलणं एकूणच बेताचं.

दादा उरणकडचा, खाडीकाठच्या कोळ्यांच्या घरातला. डिप्लोमा करून प्रोग्रॅमिंगमध्ये आलेला. ऑफिसात सगळे त्याला दादा म्हणायचे. मला तो पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणायचा, आणि त्यात थोडी थट्टा असायची.

आमचा गेम होता एका बेटाचा. एक मुलगी खडकांवरून, छपरांवरून उड्या मारत दीपगृहापर्यंत जाते, एवढाच. पण थ्री-डी. म्हणजे ती नुसती पुढे पळत नाही, वाटेल तिकडे वळते, मागेसुद्धा जाते. निदान ठरलं तसं होतं. प्रत्यक्षात कितीतरी आठवडे बेटाचा पत्ताच नव्हता. नुसतं करड्या रंगाचं रिकामं मैदान आणि त्यावर मुलीच्या जागी उड्या मारणारं एक डबडं. तो सकाळी येऊन त्या डबड्याला पळवायचा, उडवायचा, थांबवायचा, पुन्हा उडवायचा.

सर, म्हणजे आमचे मालक, रोज विचारायचे, "अरे, झाडं कधी येणार? डेमोला दाखवू काय मी, हे डबडं?"

"सर, झाडावर उडी मारायची म्हनून मानूस येतो. उडीच गोड नाय, तर झाड काय चाटायचं हाय?"

सर हसायचे, पण केबिनचं दार लावून घ्यायचे.

मी ते रिकामं मैदान खेळायला घेतलं, तेव्हा मला कंटाळा येईल असं वाटलं होतं. जेवायची वेळ टळून गेली तरी मी तिथेच. बटण नुसतं टेकवलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर उंच. वर जाताना ते डबडं क्षणभर रेंगाळायचं आणि खाली मात्र झपकन यायचं. कडेवरून पाय सुटल्यावरही, अगदी पापणी लवेल एवढा वेळ, उडी मारता यायची. हे चुकून राहिलंय असं समजून मी त्याला सांगितलं.

"चुकून नाय. मानसानं मनात उडी मारलेली असते, बोट मागून येतं. त्याला लगेच कशाला पाडायचं?"

पुढे बेट आलं, ऊन आलं, आणि मला एक खरीखुरी चूक सापडली. सूर्य एका बाजूला कललेला, झाडांच्या सावल्या लांब पडलेल्या, पण मुलीची सावली मात्र बरोबर तिच्या पायाखाली. मी मोठ्या अभिमानाने इंग्रजीत व्यवस्थित रिपोर्ट पाठवला. तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, सावली काढून देतो. खेळा."

मी खेळले. एकही खडक धड सापडेना. मुलगी हवेत असताना ती कशाच्या वर आहे, पुढे की मागे, काही कळेना. प्रत्येक उडी पाण्यात. त्याने सावली परत आणली, आणि मी मुद्दाम न बघताही खडकाच्या मधोमध उतरले.

"ती सावली सूर्याची नाय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी हाय."

त्या दिवसापासून मला त्याच्या कामाची जवळजवळ भीती वाटायला लागली. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर वाटते तशी. बेटावर कितीतरी गोष्टी अशा होत्या, कुणालाही न दिसता आपला हात धरणाऱ्या.

एकदा त्याची आई डोळे तपासायला पनवेलला आली होती. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वर येऊन बसली. त्याने तिच्या हातात कंट्रोलर दिला. उडी मारायची म्हटलं की ती दोन्ही हात, कंट्रोलरसकट, डोक्यावर न्यायची. मुलगी पहिल्याच खडकावरून पाण्यात पडली.

"मेली काय रं ही?"

"नाय गो आये. आता उठंल."

मुलगी काठावर परत उभी राहिली. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"मंग बरं हाय. आपल्यात पान्यात गेलेला उठत नाय." मग पदर खोचून म्हणाली, "आता मारू दे तिला उडी."

खालून नंबर आल्याचा निरोप आला तरी ती उठेना.

गेम असा पुरा होत आला, तेव्हा पैसे लावणारे गृहस्थ मुंबईहून बघायला यायचे ठरले. सरांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "हे बघ, हल्ली फोनवर एकाच रस्त्यावर आपोआप पळणारे गेम चालतात. एका बोटाचं काम. त्यांना बेट पटलं नाही, तर तुझी मुलगी रस्त्यावर आणावी लागेल."

"रस्त्यावर ती कुठं जानार ते आपुनच ठरवनार ना, सर? मंग खेळनारा काय करनार?"

गृहस्थांनी थोडा वेळ खेळून कंट्रोलर माझ्याकडे दिला. "यू प्ले." सगळे बघतायत म्हटल्यावर मी आधी चुकीचंच बटण दाबलं. पण मुलगी पळायला लागली आणि मी विसरले. दीपगृहाची वाट सोडून मी एका छपरावर चढले, तिथून दुसऱ्या, तिथून एका कड्यावर.

"वर काय मिळतं?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही."

"मग गेलीस कशाला?"

एरवी मी मान खाली घातली असती. "इथून दिसत होतं," मी म्हटलं. "जाता येईल असं वाटलं. आणि आलं जाता."

दादा वाकलेलाच होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, बस. गृहस्थ छान हसले, सरांच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. संध्याकाळी निर्णय कळला. रस्ता.

दादाने वाद घातला नाही. सरांना सांगितलं, रस्त्याची उडी नीट बसवून देतो, मग मी जातो. तसंच केलं. त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्याने जुनं बेट पुन्हा उघडलं आणि कंट्रोलर माझ्यापुढे ठेवला.

"सोमवारी हे मशीन बेटासकट पुसून दुसऱ्या कामाला लावनार हायत. कुठं जायचं राहिलंय तुमचं?"

राहिलं होतं. उत्तरेला समुद्रात एक काळा सुळका दिसायचा. इतका लांब, की तो नुसता चित्रातला असेल असं मी धरून चालले होते. मी बोट दाखवलं.

"मंग जावा."

पाण्यात बुडतील न बुडतील असे दगड होते. मी पडले, पुन्हा आले, पुन्हा पडले. तो काही सांगत नव्हता. शेवटी सुळक्याला पाय लागले आणि मी वळसा घालून मागच्या बाजूला गेले.

तिथे एक छोटासा किनारा होता. पालथी घातलेली एक होडी. बांबूवर वाळत घातलेली जाळी, वाऱ्याने हलणारी. एक घर, त्याच्या दाराशी शंखशिंपल्यांची ओळ. दीपगृहाच्या वाटेवरून यातलं काहीच दिसत नव्हतं. मिळण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

"हे कधी केलंत?"

"झालं असंल कधी."

"पण दादा, इथे कोण येणार होतं?"

"तू आलीस ना," तो म्हणाला, आणि बॅग उचलून सरांना भेटायला आत गेला.

नंतर तो दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरात गेला म्हणतात. त्याचा नंबरही बदलला. त्या दुपारी तो केबिनमधून कधी बाहेर पडला, मला कळलं नाही. मी एकही बटण दाबत नव्हते. ती मुलगी होडीशेजारी उभी होती, आणि तिच्यासमोर पाणी येत होतं, जात होतं.